उलटा ग्लोव्ह

मी यवतमाळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. बेसबॉलशी माझा संबंध एवढाच की मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक महिला प्राध्यापक लागते, आणि स्टाफमधल्या बाकी दोघींची मुलं लहान आहेत. म्हणून पुसदच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मी गेले. मुलींना वेळेवर जेवू घालायचं, ओळखपत्रं सांभाळायची, किटच्या बॅगा गाडीत चढवायच्या, ही माझी कामं. ती मी चोख करते.

पहिल्याच सामन्यात तिथली एक पद्धत दिसली. कुठल्याच कॉलेजकडे पुरेसे ग्लोव्ह नसतात. बॅटिंग करणाऱ्या संघाला ते लागत नाहीत, म्हणून डाव बदलला की मुली आपापल्या जागेवरच ग्लोव्ह ठेवून येतात आणि समोरच्या मुली तेच घालून उभ्या राहतात. कुणी कुणाला विचारत नाही. कॉलेजची वस्तू अशी मातीत टाकलेली मला पटेना. आमचे क्रीडाशिक्षक म्हणाले, "मॅडम, इकडे असंच चालते."

त्यात एक ग्लोव्ह वेगळा होता. डावखुऱ्या मुलीला फेकायचं डाव्या हाताने असतं, म्हणून ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. तसा ग्लोव्ह सगळ्या स्पर्धेत एकच होता, आमच्याकडे. मुली त्याला 'उलटा' म्हणत. आमची डावखुरी पहिल्या बेसवर उभी राहायची. अंतिम सामन्यात समोर दिग्रसकडचं कॉलेज आलं, त्यांच्या पहिल्या बेसवरही डावखुरीच; आधीच्या सामन्यांनाही ती उलटा आमच्याकडूनच घेऊन जायची. तांड्यावरची मुलगी, सडपातळ, वेणी टोपीत कोंबलेली. दोघी दर डावाला उलटा एकमेकींच्या हवाली करत होत्या.

"सांभाळून वापर वं, माहेरचा हाय तो," आमची म्हणाली.

"मंग सासरीच ठेवून घेतो ना त्याले," ती म्हणाली. दोघी हसल्या.

विद्यापीठाच्या संघात पहिल्या बेसची एकच जागा भरायची होती. निवड करणारे सर मंडपात खुर्ची टाकून बसले होते. ती जागा या दोघींपैकी एकीची, हे सगळ्यांना माहीत होतं. ते प्रमाणपत्र पोलीस भरतीत कामी येतं. दोघींनाही भरतीतच जायचं होतं.

शेवटचा डाव आला. आम्ही एका रनने मागे होतो आणि बॅटिंग आमची होती. आमची मुलगी उलटा बेसजवळ ठेवून आली आणि हेल्मेट शोधायला लागली. मी उठले, मैदानात गेले, उलटा उचलला आणि बॅगेत टाकून चेन लावली. रागाच्या भरात नाही. शांतपणे, हिशेबाने. चार सामने बघून मला एवढं कळलं होतं की बॅटिंग करणारीला बाद करायला जवळपास प्रत्येक फेक पहिल्या बेसवर येते.

दिग्रसकडची ती मुलगी धावत आली. "मॅडम, उलटा कुठी हाय?"

"त्याची दोरी तुटली," मी म्हटलं.

"आणा, बांधून देतो. माह्याजवळ सुतळी हाय."

"आता वेळ नाही. पंच बोलावताहेत, जा."

ती गेली. साधा ग्लोव्ह तिने उजव्या हातात कसाबसा चढवला, अंगठ्याच्या जागी करंगळी. दोनदा चेंडू सरळ तिच्याकडे आला आणि दोन्ही वेळा हातातून निसटला. आमच्या दोन रन झाल्या. आम्ही जिंकलो. मुली ओरडत मैदानात पळाल्या आणि मीही टाळ्या वाजवल्या. मंडपातल्या सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

बक्षीस समारंभाआधी मी बॅगा मोजत होते. ती मुलगी आमच्याकडे आली. डोळे लाल होते, पण हातात सुतळीचा गुंडा आणि दाभण होतं. आमच्या मुलीला म्हणाली, "आण वं उलटा, शिवून देतो. तुले पुढं लागन."

"काहून? काय झालं त्याले?"

"दोरी तुटली म्हणे."

आमच्या मुलीने बॅगेची चेन उघडली आणि उलटा तिच्या हातात दिला. तिने तो फिरवून पाहिला, बोटांमधली जाळी ओढून पाहिली, मनगटापाशी अंगठा फिरवला. सगळ्या दोऱ्या जागच्या जागी होत्या. मी बॅगा मोजतच राहिले. पाच बॅगा मी तीनदा मोजल्या.

"चांगला हाय," ती म्हणाली. आवाज चढला नाही. तिने उलटा आमच्या मुलीकडे परत दिला, दाभण गुंड्यात खोचलं आणि गेली.

जागा आमच्या मुलीला मिळाली. मंडपातले सर तेव्हा माझ्यापासून वीस पावलांवर चहा पीत होते. मी जाऊन सांगू शकले असते. मी चालकाला गाडी काढायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर कुणी गाणी म्हटली नाहीत. आमच्या डावखुरीने पदक गळ्यात घातलं नाही, खिशात ठेवलं. यवतमाळ आल्यावर मी नेहमीसारखी बॅगा मोजायला उभी राहिले, तेव्हा तिने बॅगेतून उलटा काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा तुम्हीच ठेवा मॅडम," ती म्हणाली. "कॉलेजची वस्तू हाय."