दुसरीचं बाळ मांडीवर

लेक तीन महिन्यांची झाली आणि मी पुन्हा गिरणीत जायला लागले. पण माझं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. तिला शेजारच्या मावशींकडे ठेवायचं आणि वाइंडिंग खात्यात येऊन सुताच्या बॉबिनी भरायच्या. दूध दाटून यायचं, पदर भिजायचा, सूत तुटायचं आणि वर खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, ओरडायचा. नोकरी सोडायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

तेवढ्यात गिरणीनं फाटकाजवळच्या खोलीत पाळणाघर काढलं. सांभाळायला दोन आया, आणि बाळांना पाजायला आम्हाला वेगळी सुट्टी!

पहिल्याच दिवशी सुट्टी होते न होते तोच मी चपला हातात घेऊन धावत सुटले. खोलीत नुसता कल्ला. सगळ्या बाळांना गिरणीच्याच कापडाची एकसारखी झबली. टाहो फोडणारं एक मी उचललं आणि पदराखाली घेतलं. ते असं काही लुचायला लागलं, की माझे डोळेच मिटले.

"ओ बाई, ते माझं पोरगं हाय की!"

डोळे उघडते तर समोर आमच्याच खात्यातली, घरी तेलुगू बोलणारी एक जण उभी. तिच्या कडेवर माझी लेक!

"ही लई रडत हुती, म्हून उचलली," ती म्हणाली.

मी पदराखाली डोकावले. खरंच की, मुलगा! "अगं बाई! आता काय करू? ह्यो सोडंना!"

"पिऊ द्या की. तुमचीला मी पाजते."

आणि ती खुशाल माझ्याशेजारी मांडी घालून बसली. एक आया फिस्सकन हसली, मग सगळी खोलीच. हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मांडीवरचा पठ्ठ्या मात्र हिंदकळत पीतच होता.

दुपारभर आमची नजरानजर झाली, की दोघींना हसू आवरेना. हात मात्र भराभरा चालत होते. जॉबर आला, भरलेल्या बॉबिनींकडे बघून म्हणाला, "काय गं, पगार वाढला व्हय?"

"न्हाई वो, पोरं वाढाय लागली!" मी म्हणाले, आणि पुन्हा हसत सुटले.

नोकरी सोडायचा विचार पुन्हा मनात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी भोंग्याआधीच तयार होऊन मी लेकीला तीट लावत होते. चांगली रुपयाएवढी, गालभर.

"अगं, एवढी मोठी कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"वळखू यायला नको?"