गिटारमधली पुडी

पोलिसाच्या नोकरीत शेकडो केसेस हाताखालून जातात आणि विसरल्या जातात. सौंसर गावच्या पोलीस थान्यातली एक लहानशी केस मात्र अजून माझा पिच्छा सोडत नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी तिथे उपनिरीक्षक होतो, वय सत्तावीस. कॉलेजात असल्यापासून मला रेडिओवरच्या परदेशी गाण्यांचं वेड. त्या वर्षी दिल्लीत मोकळ्या मैदानावर परदेशी रॉक गायकांचा मोठा कार्यक्रम होणार होता. मी सुटीचा अर्ज टाकला. दुर्गा उत्सवाच्या बंदोबस्तामुळे तो नामंजूर झाला.

सौंसरचा एक तरुण शिक्षक मात्र पांढुर्ण्याहून रेल्वेत बसून गेला आणि कार्यक्रम पाहून आला. बस स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात तो रोज संध्याकाळी तेच सांगायचा. "मी एकदम स्टेजच्या समोर होतो. गायकाचा घाम दिसून राहिला होता, इतका जवळ." लोक त्याच्याभोवती गोळा व्हायचे. मीही वर्दीत एका बाजूला उभा राहून ऐकायचो. माझ्या जागेवर हा जाऊन आला, असं मला वाटायचं.

आठवड्याभराने थान्यात निनावी पत्र आलं. मास्तरने दिल्लीच्या कार्यक्रमातून गिटारमध्ये लपवून गांजा आणला आहे, असं त्यात लिहिलं होतं. अशा पत्रांवर आम्ही आधी गुपचूप माहिती काढतो. निम्मी पत्रं भाऊबंदकीतून आलेली असतात. पण त्या दिवशी मी थांबलो नाही. रोजनामच्यात, म्हणजे थान्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद केली, दोन पंच घेतले आणि थेट त्याच्या खोलीवर गेलो.

गिटार भिंतीला टेकून ठेवलेली होती. हवालदाराने भोकातून हात घातला. आत चिकटपट्टीने लावलेली पुडी निघाली. गांजाच होता.

पंचनामा करून मास्तरला थान्यात आणलं. चौकशी आतल्या खोलीत करता आली असती. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, भर रस्त्यासमोर, सकाळी दहापासून तीनपर्यंत. मधल्या सुटीत शाळेतली मुलं फाटकाशी उभी राहून आपल्या गुरुजींकडे पाहत होती. मी त्यांना हाकललं नाही.

तीन वाजता चौकशीला सुरुवात केली. "स्टेजसमोर तुमच्या बाजूला कोण कोण होतं? माल कोणी दिला?"

त्याने बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, मी स्टेजसमोर नव्हतोच."

"मग रोज काय सांगत होता?"

"खोटं सांगत होतो. मैदानाच्या फाटकावरच रेटारेटी झाली. चपला गेल्या, पाकीट गेलं. ऊन अन् धुळीनं चक्कर आली तं लोकायनं उचलून औषधाच्या तंबूत नेलं. स्टेज तंबूच्या मागं. काहीच दिसत नव्हतं, आवाजही फाटका येत होता." तो पुढे सरकून बसला. "पण एका गाण्याले सारं मैदान गाऊ लागलं साहेब. मी खाटेवर पडल्या पडल्या गाऊन राहिलो होतो. तेवढं मात्र खरं हाय."

ऐकून मला बरं वाटलं. तो पडला होता, लुटला गेला होता, याचं बरं वाटलं. ते गाणं त्याला मिळालं, हे पुन्हा टोचलं.

मग मी सकाळीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "गिटार कोणत्या गाडीने नेली होती?"

"गिटार कुठं नेली साहेब? ते तं रामाकोना गावच्या मित्राकडे ठेवली होती. आल्यावर त्यानंच आणून देल्ली."

पत्र तर म्हणत होतं की गिटार दिल्लीहून माल घेऊन आली.

मित्र संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा. दोघांची तिकिटं त्यानेच नागपूरच्या नातेवाइकाकडून मागवली होती, पण संत्र्याची तोड सुरू झाली आणि वडिलांनी त्याला सोडलं नाही. त्याच संध्याकाळी थान्यात आणल्यावर तो साफ नाही म्हणाला. "मले काही मालूम नाही साहेब."

मी दमदाटी केली नाही. हवालदाराला मास्तरचा जबाब मोठ्याने वाचायला सांगितलं. चपला, पाकीट, तंबू. मित्र मान खाली घालून ऐकत होता. तंबूचं ऐकताच त्याने मान वर केली.

"म्हणजे तो समोर नव्हता?"

"नव्हता."

"मंग मले काऊन तसं सांगतलं त्यानं?" त्याने जबाबाच्या कागदाकडे बोट केलं. "ते गाणे त्याले मीच ऐकवले साहेब. टेप माह्या, कॅसेटा माह्या. त्याले तं एका गायकाचं नाव येत नव्हतं. अन् आता सारं गाव त्याले इचारून राहिलं. घरी येऊन दोन घंटे मलेच सांगत बसला. मी क्रेट भरून राहिलो होतो."

त्यानंतर त्याने सगळं कबूल केलं: पुडी त्यानेच गिटारमध्ये चिकटवली होती आणि पत्रही त्यानेच लिहिलं होतं. हस्ताक्षरही पुढे जुळलं. मास्तरला त्याच दिवशी सोडलं. मित्रावर गुन्हा दाखल झाला आणि कोर्टात शिक्षाही झाली. मास्तर माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "त्याले सोडून द्या साहेब, चूक माही बी हाय." पण नोंद झाली होती, ते माझ्या हातात राहिलं नव्हतं.

महिनाभराने मी मास्तरच्या खोलीवर माफी मागायला गेलो. तो सामान बांधत होता. पांढुर्ण्याच्या शाळेत बदली मागून घेतली होती. मी म्हणालो, "तुम्हाला बाहेर बसवायची गरज नव्हती."

"हो, नव्हती," तो म्हणाला आणि दोरीची गाठ आवळली. बसा म्हणाला नाही.

पुढे तीस वर्षं मी नवीन अधिकाऱ्यांना सांगत आलो की तक्रारदाराच्या मनात काय आहे ते पाहा. चौकशी करणाऱ्याच्या मनात काय आहे तेही पाहा, हे सांगायला मात्र जीभ रेटली नाही. त्या मित्राच्या मत्सराला कायद्यात कलम होतं. माझ्या मत्सराची नोंद रोजनामच्यात 'चौकशी' अशी आहे, आणि खाली माझी सही आहे.