आग्रह न करणारा माणूस

कोल्हापुरात कंजूष माणूस शोधत फिरलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. तोही साधासुधा कंजूष नको होता. समोर कुणी उपाशी नजरेनं बघत बसलंय आणि तरी ज्याचा घास घशात अडकत नाही, असा हवा होता. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची बरीचशी दिवाळीची सुट्टी मी या कामात घालवली, आणि तीही एका कुत्रीपायी.

ती मला शाळेच्या नळापाशी भेटली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत बाई होते. मधल्या सुट्टीत मुलं डब्यातलं काहीबाही तिच्यापुढं टाकायची. ती अधाशासारखी खायची आणि दहा मिनिटांत सगळं जसंच्या तसं बाहेर काढायची. अंगावर हाडं तेवढी उरलेली. कुणीतरी "पिसाळलंय ते!" अशी बोंब ठोकली आणि पालिकेची गाडी बोलवायच्या गोष्टी सुरू झाल्या. माझं डोकं लवकर फिरतं, ते फिरलं. पोर आजारी पडलं तर त्याला गाडीत घालून पाठवता का, असं मी सगळ्यांसमोर विचारलं आणि तावातावानं "मी नेते हिला घरी" म्हणून बसले. बोलून गेल्यावर माघार घ्यायची कशी, हे मला आजतागायत जमलेलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला काही दिवस नजरेखाली ठेवलं. पिसाळलेली नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर तिला भाकरीचा तुकडा घातला. तो थोड्या वेळानं नळीच्या आकारात बाहेर आला.

"ही ओकत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "ओकणाऱ्याचं पोट ढवळून निघतं. हिच्या पोटात काही गेलेलंच नाही. अन्ननळी सैल पडलीय, घास मधेच बसून राहतो."

"औषध?"

"नाही. हे जन्माचं आहे. पण उभं करून भरवलंत तर घास आपल्या वजनानं खाली उतरेल."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ज्वारीच्या कण्या पातळ शिजवायच्या आणि दिवसातनं चार वेळा थोड्याथोड्या द्यायच्या. खाताना तिचे पुढचे पाय उंचावर हवेत आणि खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं तिला तशीच उभी धरायची. मधल्या वेळात एक कणसुद्धा नाही. अन्न उलटं येऊन छातीत गेलं तर न्यूमोनिया होईल, आणि हिच्यासारखी कुत्री बहुतेक त्यानंच जातात, असंही म्हणाले.

आमचं घर म्हणजे एका अंगणाभोवती पाच बिऱ्हाडं. त्यात माडीवरच्या दोन खोल्या आमच्या. तिथं आम्ही तिघं, म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई. त्यामुळं बोलणं आधीच झालं होतं की कुत्रीच्या अंगावर मांस चढलं की तिला चांगलं घर बघून देऊन टाकायचं. नाव ठेवलं की जाऊ देववत नाही म्हणून मी नावही ठेवलं नाही. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी तिला हाक मारली, "ये गं पावणी."

आणि तिथंच सगळं बिघडलं. सासूबाई शिरोळच्या. एका पुरात त्यांच्या माहेरी उंबऱ्याला पाणी लागलेलं असताना होडी घेऊन सोडवायला आलेल्या माणसांना त्यांनी आधी चहा पाजला होता आणि मगच होडीत पाय ठेवला होता. अशा बाईनं ज्याला पावणं म्हटलं त्याला उपाशी बघायचं, हे या जन्मी होणारं नव्हतं.

सुरुवातीचे दिवस छान गेले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिचे पुढचे पाय, त्यावरच्या पायरीवर कण्यांचं भांडं. खाऊन झालं की मी तिला खांद्याशी धरून बसायची, दूध प्यालेल्या बाळाला धरतात तशी, आणि दुसऱ्या हातानं वह्या तपासायची. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या निम्म्या वह्यांवर कण्यांचे डाग होते. तिच्या घशातून आधी गुडगुड यायची, हळूहळू ती थांबायची, आणि मग ती डोकं माझ्या मानेवर टाकून द्यायची. मला तो वेळ फार आवडायचा. दिवसभर पोरांवर खेकसून झाल्यावर कुणीतरी असं गप्प अंगावर विसावावं, याची मला सवय लागली.

पण मी सकाळी शाळेत असायची आणि हे वर्कशॉपमध्ये. परत येऊन बघावं तर अंगणात तिनं बाहेर काढलेलं पडलेलं असायचं. त्यात कधी चपाती दिसायची, कधी बेसनाची वडी. एकदा तर चक्क तांबड्या रश्श्यातला बटाटा. मी अंगणात उभी राहून विचारायची, कुणी घातलं? कुणीच घातलेलं नसायचं. शेवटी ह्यांनी शाळेतली जुनी पाटी आणून तिच्यावर खडूनं लिहिलं, 'हिला काही घालू नये', आणि ती जिन्याला टांगली. दुसऱ्या दिवशी खालच्या बिऱ्हाडातल्या वहिनी मला म्हणाल्या, "आमी कुठं घातलं? तिनंच मागितलं की!"

सासूबाईंवर तर मी ओरडलेच. तुम्हाला सांगून ठेवलं होतं, तिच्या जिवाशी खेळ आहे, असं बरंच बोलले. सुनेनं सासूला बोलावं त्यापेक्षा जास्तच बोलले.  त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "तोंडाकडं बगत बसतंय गं ते. आन् म्या एकटीनंच गिळू व्हय?"

तरी माझा राग गेला नाही. सगळी माणसं बेशिस्त, मी तेवढी शहाणी, असंच मला वाटत होतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी करंज्या तळत होते. ती चुलीपासून हातभर अंतरावर बसली होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. एक करंजी तेलात फुटली. ती पानात वाढण्यासारखी नव्हती. सणाचा दिवस, आणि एवढासा तर तुकडा. मी इकडंतिकडं बघितलं आणि दिला.

रात्रीपासून तिला खोकला लागला. सकाळी अंग तापलेलं, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. ऐन दिवाळीत ह्यांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर खोक्यात बसवून दवाखान्यात नेलं. मी मागून धरून चालत होते, आणि सारखं वाटत होतं की रस्त्यातला प्रत्येक माणूस माझ्याकडंच बघतोय. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. काय खाल्लं, म्हणून विचारलं. करंजी, मी म्हणाले. कुणी दिली, तेही सांगितलं. सासूबाईही मागोमाग आल्या होत्या, शेजारीच उभ्या होत्या. आता बोलायची पाळी त्यांची होती; पण त्यांनी नुसतं पदरानं कुत्रीचं तोंड पुसलं, आणि ते मला फार लागलं.

पाच-सहा दिवसांनी ती उठून बसली. डॉक्टर म्हणाले, "वाचली. पण पुन्हा छातीत गेलं तर माझ्या हातात काही नाही. तुमचं घर फार प्रेमळ आहे, बाई. हिला जरा कमी प्रेमळ घर बघा."

तर असं माझं कंजूष माणूस शोधणं सुरू झालं. लोकांना वाटतं कोल्हापुरात वाटेल ते मिळतं, पण हा माल मिळेना. ज्या ज्या घराच्या चिक्कूपणाच्या गोष्टी ऐकल्या, त्या घरात कुत्रीला घेऊन गेले की आधी बशीभर चिवडा पुढं यायचा. एका वाण्याच्या बायकोबद्दल सगळी पेठ सांगायची की ती आल्यागेल्याला पाणीसुद्धा विचारत नाही. तिनं मला दोन लाडू खायला लावले, आणि मी बोलत होते तेवढ्यात तिसरा कुत्रीकडं सरकवला. मी तो झडप घालून उचलला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. ती बाई माझ्याकडं बघतच राहिली.

सुट्टी संपत आली तेव्हा शाळेची हजेरीबुकं बांधायला द्यायची होती. गंगावेशीजवळच्या एका बोळात एक बुकबाईंडर बसायचे. एकटे, साठीच्या पुढचे, मागच्याच खोलीत राहायचे; सगळे त्यांना मामा म्हणायचे. गिऱ्हाइकाला 'या' नाही, 'बसा' नाही, ही त्यांची ख्याती. कुत्रीला घरी ठेवायची आता माझी हिंमत नव्हती, म्हणून तिला बरोबर घेऊन गेले.

मामा चहा पीत होते. एका बशीत दोन टोस्ट. त्यांनी मला बघितलं आणि टोस्ट चहात बुडवला. कुत्री सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि तिनं तिचं ते बघणं सुरू केलं, ज्यापुढं आमची पाच बिऱ्हाडं आणि मी हरलो होतो. मामांनी तिच्याकडं बघत पहिला टोस्ट खाल्ला. तिच्याकडंच बघत दुसरा खाल्ला. बशीतला चुरा बोटानं टिपून तोंडात टाकला, कप फडक्यानं पुसून फळीवर ठेवला आणि मग मला विचारलं, "काय काम हाय?"

मी हजेरीबुकं विसरले. "मामा, कुत्रं पाळणार का?"

"न्हाय."

तरी मी सगळं सांगितलं, करंजीसकट. त्यांनी मधे एकदाही मान हलवली नाही. माझं बोलून झाल्यावर एवढंच विचारलं, "पंधरा मिन्टं म्हंजे पंधरा, का अंदाजानं?"

"पंधरा."

"मग जमंल. पुठ्ठ्याची खळ वाळंस्तवर मला बसावंच लागतंय." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "पर एक हाय. मधनंमधनं यायचं आन् कायबाय घालायचं, असलं चालायचं न्हाय. तुमीसुदीक."

आठ दिवस ठेवून बघू, मग ठरवू, असं मी म्हणाले आणि रोज शाळा सुटल्यावर बोळाच्या तोंडाशी उभं राहून डोकावायला लागले. मामांनी पुठ्ठ्यांची चळत रचून तिच्या उंचीचं टेबल केलं होतं. खाऊन झालं की ते तिला आपल्या दोन गुडघ्यांमधे उभी धरायचे आणि दोन्ही हातांनी वह्यांची शिवण घालत बसायचे. समोर घड्याळ. एकदाही लाड केलेला मी बघितला नाही. आठ दिवसांत तिनं एकदाही बाहेर काढलं नाही.

कायमची सोडायची त्या दिवशी सासूबाई बरोबर आल्या. त्यांनी कुत्रीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि भाकरीचं गाठोडं मामांच्या पुढं केलं. "पावणीला रिकाम्या हातानं धाडत न्हाईत."

मामांनी गाठोडं घेतलं. "हे म्या खाईन. तिला न्हाय."

"खडूस हाय मेला," सासूबाई परत येताना म्हणाल्या. वाटभर रडल्या. घराजवळ आल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "पर त्याच्यापाशी जगंल गं ती." मीही रडले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुढं कितीतरी दिवस मी पाय ठेवत नव्हते.

आणि ती जगली. नुसती जगली नाही, चांगली गोल झाली. मी वर्षातनं दोन-तीनदा काहीतरी बांधायचं निमित्त काढून जायची. ती येऊन माझी पिशवी हुंगायची आणि मामा खळीच्या डब्यातनं मान वर न काढता म्हणायचे, "पिशवी भाईर." मी पिशवी बाहेरच्या खिळ्याला अडकवायची, आत येऊन कुणी न सांगता बसायची, आणि ती माझ्या मांडीवर डोकं टाकायची. रिकाम्या हातानं कुणाकडं जाऊन इतकं बरं मला दुसरीकडं कुठं वाटलं नाही.

दोनेक वर्षांनी माझ्या लक्षात आलं की फळीवर कप नाही. बशीही नाही.

"मामा, चहा सोडलात?"

"हितं पीत न्हाय. हाटेलात जाऊन पितो."

"का?"

"बगत बसती की ती."

मला हसू आलं. "पण तेव्हा तर तुम्ही तिच्यासमोर दोन टोस्ट खाल्लेत!"

"तवा ती माझी नव्हती," मामा म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला लागले.

शेवटची गेले ती एका जूनमध्ये, शाळा उघडायच्या सुमारास. त्याआधीच्या भेटीतच कुत्रीचं तोंड पांढरं झालेलं दिसलं होतं, चाल मंदावली होती. बोळात शिरले, सवयीनं पिशवी बाहेर अडकवली आणि आत पाऊल टाकलं. पुठ्ठ्यांची चळत जागच्या जागी होती. फळीवर मात्र दोन कप होते, आणि बशीत टोस्ट.

"बसा की, बाई," मामा म्हणाले. "च्या घ्या."

तिच्या कोपऱ्याकडं बघायची मला गरज उरली नाही. मी बसले.

"झोपंतच गेली," ते माझा कप भरत म्हणाले. "रात्रीचं सगळं खाल्लं हुतं. पोट भरल्यालं हुतं तिचं."

मी चहा घेतला. टोस्ट खाल्ला. मामांनी बशी पुन्हा माझ्याकडं सरकवली, "घ्या की, आणखी एक घ्या," म्हणाले, आणि मी घेईपर्यंत त्यांनी बशीवरचा हात काढला नाही.