थकलेले सर

आमच्या सरांनी ‘मजेत आहे’ असं उत्तर कधी कुणाला दिलं नाही. कसे आहात, असं विचारलं की ते कुबड्या भिंतीला टेकवत, खुर्चीत बसत, कपाळाचा घाम पुसत आणि खरं ते सांगत, “थकलो बाप्पा.” विचारणारा ओशाळायचा. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेला माणूस राज्यशास्त्राचा प्राध्यापक होतो, अपंगांसाठी गावोगाव भांडत फिरतो, म्हणजे तो हसतमुखच असणार, अशी लोकांची समजूत. एका सत्कारात सूत्रसंचालकानं त्यांना ‘जिद्दीचा पुतळा’ म्हटलं, तर सर माईकवर म्हणाले, “मी काही जिद्दी नाई. तुमच्या स्टेजले पायऱ्या आहेत, म्हणून जिद्द लागली.”

मी ब्रह्मपुरीला त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागले. सर मूळचे सिरोंचाचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि कामापुरती गोंडी. सगळ्या मुलींना ते ‘बाई’ म्हणत. “बाई, रविवारी काय करून राह्यली?” असं त्यांनी विचारलं की समजायचं, आपला रविवार गेला. मग धानाच्या बांध्या मागे टाकत जीप जंगलाकडे निघायची. सर ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि अर्ध्या वाटेतच त्यांची मान कलायची. गाव आलं की दचकून जागे व्हायचे आणि कामाला लागायचे.

अशाच एका रविवारी तालुक्याच्या गावी अपंगत्वाच्या दाखल्यांचं शिबिर होतं. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं आली होती आणि डॉक्टर बसले होते वरच्या मजल्यावर. सर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. एक कर्मचारी धावत आला.

“सर, तुमाले आमी उचलून नेतो ना.”

“मले नेसान. ह्यायले कोन नेईन?” सरांनी अंगणाकडे हात केला.

तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. सर आवाज न चढवता तेच वाक्य म्हणत राहिले. शेवटी डॉक्टर वैतागून खाली आले आणि आंब्याखाली टेबल लागलं.

त्या गर्दीत एक बाई होती. वाढत्या वयाची मुलगी तिनं लुगड्यानं पाठीला बांधून आणली होती. मुलीचं नाव मैनी. तपासणी झाली, दाखला हातात आला, तेव्हा मैनीची आई सरांपुढे येऊन उभी राहिली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, “आता पोरगी चालन ना, सर?”

सरांनी तिला जवळ बसवलं. आधी गोंडीत सांगितलं, मग मराठीत. “नाई, बाई. चालणार नाई. कागदानं पाय येत नाई.”

“मंग येवढ्या दूर काऊन बोलावलं आमाले?”

सवलती, शिष्यवृत्ती, बसचा पास, हे सगळं सरांना तोंडपाठ होतं. त्यातलं काहीच ते बोलले नाहीत. परतताना जीपमध्ये त्या दिवशी त्यांना झोप लागली नाही. ब्रह्मपुरी जवळ आल्यावर म्हणाले, “त्या बाईचा सवाल बराबर होता.”

पुढच्याच महिन्यात ते मैनीच्या गावी गेले. तिला शाळेत घालायचं असं आईकडून कबूल करून घेऊन आले. पण एकाही वसतिगृहानं तिला घेतलं नाही. संडासाला पायऱ्या, मदतीला कुणी नाही, जबाबदारी कोण घेणार? तेव्हा सरांनी तिला स्वतःच्या घरी आणलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “हे जगाचं करून राह्यले, अन् ह्यायचं मी करून राह्यली. आता ही बी आली.” आणि मैनीला आत घेऊन तिचं डोकं विंचरायला बसल्या. वाटभर रडत आलेल्या मैनीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या.

मैनी शिकली. बारावी होऊन बी. ए.ला आली, सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसू लागली. सर मला सांगायचे, ही वकील होणार. दुसऱ्या वर्षाला निरोप आला, आई अंथरुणाला खिळली आहे. मैनीनं सामान बांधलं. सर चिडले. “माघारी जायसाठी शिकवलं काय तुले?”

“सर, मायनं मले पाठीवर वागवलं. तिची पाठच गेली आता. मी इथी कशी बसू?”

सर स्वतः स्टँडपर्यंत आले, ड्रायव्हरला सांगून तिला पुढची जागा दिली. दुसऱ्या दिवशी वर्गावर आले नाहीत. मी त्यांच्याकडे होते तेवढ्या वर्षांत असं प्रथमच घडलं.

त्यानंतर त्यांचे खांदेही गेले. जन्मभर साऱ्या अंगाचा भार खांद्यांनीच वाहिला होता. कुबड्या सुटल्या, चाकाची खुर्ची आली. ज्या रॅम्पसाठी त्यांनी अर्धी नोकरी भांडण्यात घालवली, तो कॉलेजनं नेमका तेव्हा बांधला, आणि इतका उभा बांधला की खुर्ची चढेना. पोरं त्यावर मोटारसायकली लावायची. सरांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, “असू दे, बाई. कोणाच्या तरी कामी आला.” हे हसून म्हणाले की नाही, मला आजही सांगता येत नाही. निवृत्त होऊन ते सिरोंचाला गेले.

सर वारले त्याच्या थोडेच दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. अहेरीकडून मैनीही आली होती, कुबड्या घेऊन, एकटी, एसटीनं. घराच्या ओट्यावरून गोदावरी दिसत होती. काकूंनी सरांची खुर्ची उन्हात आणून ठेवली होती. मैनी बोलत होती. आई आता उठून बसते. आजूबाजूच्या गावांतली माणसं दाखल्यासाठी, पेन्शनसाठी तिच्याकडेच येतात. आणि आज आलापल्लीला कंडक्टरनं तिला पाहूनही गाडी सोडायची घंटी मारली, तेव्हा ती ड्रायव्हरच्या नावानं ओरडली.

“मंग? थांबली काय गाडी?” सरांनी विचारलं.

“थांबली ना. चढायले टाइम लागला मले. लोक कुरकुरले. मी म्हटलं, मले बी घाई आहे.”

सर हसले. ती पुढे सांगू लागली आणि ऐकता ऐकता त्यांची मान छातीवर आली. मी उठून हाक मारणार, तर काकूंनी हात धरला. “झोपू द्या. ह्यायले कोणतं गाव गाठायचं आहे आता?”

मैनी थांबली नाही. आवाज उतरवून उरलेलं सगळं ती काकूंना सांगत राहिली.