चार नंबरमधल्या बाईंविरुद्ध तक्रार

तोमासा सात वर्षं अमेरिकेत, क्युपर्टिनोत राहत होती आणि ती तितकी वर्षं इथे आहे असं सांगणारा एकही कागद तिच्याकडे नव्हता. फ्लॅट भावाच्या नावावर, आणि भाऊ केव्हाच मेक्सिकोला, ओअहाकाच्या डोंगरातल्या गावी परत गेलेला. फुलांच्या नर्सरीत पगार रोख. त्र्याऐंशीपासूनचं दवाखान्याचं कार्ड होतं, पण नव्या कायद्याला ब्याऐंशीच्या आधीचा पुरावा हवा होता. तो असेल तर राहायची परवानगी, नसेल तर नाही. मुलाखत गुरुवारी होती. आज सोमवार.

हे सगळं तिने वरच्या मजल्यावरच्या मालिनीला जिन्यात, हातातलं काम न थांबवता सांगितलं. तिच्या हातमागाचं एक टोक जिन्याच्या खांबाला बांधलेलं असायचं आणि दुसरं तिच्या कमरेला. ती मागे रेलली की सूत ताणायचं, पुढे झुकली की सैल व्हायचं. त्यावर तिच्या त्रिकी जमातीचा झगा, विपील, तयार व्हायचा: गळ्यापासून घोट्यापर्यंत लाल, मधूनमधून पांढरे पट्टे, तीन पाट विणून एकत्र शिवलेले. तिच्या गावच्या बायका तोच घालत, म्हणून तीही तोच घालायची. नर्सरीच्या मालकाने एकदा पँट घालायला सांगितलं, तेव्हा तिने पँट घातली. विपीलच्या आत.

"कुणीच नाही का, एक्याऐंशी साली तुला पाहिलेलं?" मालिनीने विचारलं. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे त्यांचं छान जमायचं.

"तुम्ही पाहिलंत, सेन्योरा. पण चर्चमधली फॉर्म भरून देणारी बाई म्हणते, नुसतं तोंडी चालत नाही. कागद पाहिजे."

मालिनी जिना चढून वर आली. कागद होता. तिच्याच घरात होता. तो कुठल्या फाइलमध्ये आहे हेही तिला माहीत होतं. तिने आधी कुकर लावला.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "ते शर्टाचं पत्र अजून आहे?"

तिचा नवरा त्र्यंबक इंजिनियर होता. पत्र असणार का, हा प्रश्नच त्याला अपमानकारक वाटला. दोन मिनिटांत त्याने 'अपार्टमेंट: कम्प्लेंट्स' फाइल काढली. तारीख १४ नोव्हेंबर १९८१. फ्लॅट नंबर चारमध्ये राहणाऱ्या तोमासा नावाच्या बाईंनी आपलं लाल वस्त्र सामायिक वॉशिंग मशीनमध्ये ठेवल्यामुळे माझे सहा पांढरे शर्ट गुलाबी झाले आहेत. खाली मॅनेजरचं उत्तर, सहीशिक्क्यासह: चार नंबरच्या तोमासाशी बोललो. त्या सॉरी म्हणाल्या.

"नाव, फ्लॅट नंबर, तारीख, शिक्का," त्र्यंबक बोटांवर मोजत म्हणाला. "परफेक्ट डॉक्युमेंट आहे. तू तेव्हा म्हणालीस, कशाला पत्र लिहिता."

"म्हणाले होते."

"मग?"

"काही नाही. बरं झालं लिहिलंत."

मंगळवारी त्र्यंबकने पत्र चर्चमधल्या बाईंना दाखवलं. त्या खूश झाल्या. सोबत फक्त एक शपथपत्र जोडा म्हणाल्या, की पत्रातला शब्द न् शब्द खरा आहे. त्र्यंबक घरी येऊन टाइपरायटर घेऊन बसला. मालिनी कोथिंबीर निवडत होती. निवडून झाली. तिने निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडली.

"एक शब्द खरा नाहीये," ती म्हणाली.

"कुठला?"

"तोमासा."

त्र्यंबकने टाइपरायटरवरची बोटं उचलली.

"तिने मशीनमध्ये काही घातलं नव्हतं," मालिनी म्हणाली. "तिने ते लाँड्री रूममध्ये बादलीत भिजवलं होतं. गार पाणी, मीठ टाकून. मला अमेरिकेत येऊन सहा आठवडे झाले होते. मला वाटलं, बिचारीला मशीन वापरता येत नाही. म्हणून आपल्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं."

"आणि मला सांगितलंस की तिचं मशीनमध्ये राहिलं होतं."

"तुम्ही सहाही शर्ट हातात घेऊन उभे होतात."

"सहा वर्षं."

"पाच वर्षं दहा महिने."

त्र्यंबकने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाला, "मी त्या बाईंना जिन्यात कधी हॅलोसुद्धा केलं नाही. मान वळवून जायचो. प्रिन्सिपल म्हणून."

"माहितीये मला. रोज बघायचे."

"खोटं पत्र मी शपथेवर देणार नाही."

"मग तिचं काय?"

"पत्र देऊ. खाली दुरुस्ती जोडू. तुझी सही लागेल." तो टाइप करू लागला. सदर वस्त्र माझी पत्नी मालिनी हिने, मालकिणीला न विचारता, मशीनमध्ये घातले. पाणी: हॉट.

"हॉट लिहायलाच हवं का?"

"फॅक्ट आहे."

मालिनीने सही केली. आता हे सरकार वाचणार होतं. त्याच्या आधी तोमासाला कळायला हवं, म्हणून ती खाली गेली, कागद दाखवला आणि काय लिहिलंय ते सांगितलं. तोमासाने ऐकून घेतलं. "मला माहीत आहे, सेन्योरा," ती म्हणाली. "बादली मीच भरली होती." आणि पुन्हा मागे रेलून विणू लागली. मालिनीला वाटलं, सुटले.

गुरुवारी तिघं त्र्यंबकच्या गाडीतून इमिग्रेशन ऑफिसात गेली. तोमासाने नवा विपील घातला होता, पाठीवर रिबिनी सोडलेल्या. अधिकाऱ्याने पत्र वाचलं, मॅनेजरचं उत्तर वाचलं, दुरुस्ती वाचली, मग दुरुस्ती परत वाचली.

"ते वस्त्र हेच का?"

"नाही," तोमासा म्हणाली. "त्याचे पांढरे पट्टे गुलाबी झाले. आणि एक वीत आखूड झालं."

"तुम्ही तेव्हा तक्रार केली नाहीत?"

"कोणाकडे?"

अधिकाऱ्याने मालिनीकडे पाहिलं. "हॉट?"

"हो," मालिनी म्हणाली.

त्याने आणखी चार प्रश्न विचारले, बोटांचे ठसे तपासले आणि शिक्का मारला. तासाभराने तोमासाच्या हातात फोटो असलेलं तात्पुरतं कार्ड होतं. कायमचं मागाहून येईल, पण आता कुणी तिला घालवू शकणार नव्हतं, असं त्याने दोनदा समजावून सांगितलं. तोमासाने तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

पार्किंगमध्ये आल्यावर तिने कार्ड पिशवीत ठेवलं, पिशवीची गाठ मारली आणि मालिनीकडे वळली.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने लागले होते मला तो विणायला. तुमच्या देशात लाल रंग नसतो का? लाल सुताला कोण गरम पाणी लावतं? दुसऱ्याच्या बादलीत हात कोण घालतं? आणि मॅनेजर माझ्या दारात आला, मी तीन दिवस बाहेर पडले नाही, कामाचे तीन दिवस. तुम्ही वरून खिडकीतून बघत होतात. मी पाहिलं तुम्हाला."

"बघत होते," मालिनी म्हणाली.

"मग?"

त्र्यंबकने गाडी सुरू केली होती. त्याने दोघींकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. तोमासाची तक्रार आता पांढऱ्या पट्ट्यांवर आली होती, मग शिवणीवर गेली, आणि गळा अजून राहिलाच होता.