सिरीयलमधल्या भावांसाठी गाऱ्हाणं

गेल्या रविवारी आमच्या वाडीच्या देवळात समाराधना होती. मी बांद्याहून सकाळच्या गाडीने फोंडाघाटला उतरले आणि तिथून रिक्षाने माहेरी. समाराधना म्हणजे आधी देवाला गाऱ्हाणं, मग सगळ्या वाडीची एकत्र पंगत... ती वाटाण्याची उसळ चुकवायची म्हणजे पापच.

पण आधी आमच्या घरच्या सिरीयलबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आईला एक सिरीयल अगदी जीव की प्राण आहे. घाटावरचं कुठलं तरी गाव, मोठं कुटुंब, सर्जा आणि धाकटा मल्हारी हे दोन सख्खे भाऊ. विहिरीवरून दोघांचं बिनसलंय आणि महिनोन् महिने अबोला चाललाय. लेखकाला काही घाई दिसत नाही.

आई एकच भाग दोनदा बघते. संध्याकाळी दादाकडे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट, धाकट्या संदेशकडे. दोन्ही घरं एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, समोरासमोर... पण माझे हे दोन भाऊ गेल्या पावसाळ्याआधीपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकाल तर हसाल. खळ्यात बाबांनी लावलेला फणस होता. फांद्या पडून कौलं फुटतात म्हणून दादाने तो तोडला, संदेश कामावरून घरी आला तर नुसता बुंधा. तोडलास त्याचं काही नाही, पण मला विचारलं का नाहीस... एवढंच त्याचं म्हणणं. आणि मी मोठा, मी काय विचारायचं, हे दादाचं.

मग गंमत अशी व्हायची, की दोघे आपापल्या घरी आईजवळ सिरीयलवरून भांडायचे. दादा म्हणायचा, सर्जाचं काय चुकलं? दुपारी संदेश म्हणायचा, त्या सर्जाला मोठेपणाचा माज आलाय. आई बिचारी दोन्हीकडे चहा प्यायची आणि दोन्हीकडे मान हलवायची.

मला मात्र फोनवर एकदा म्हणाली होती, ह्यांना बोलताना बघितलं की मी जायला मोकळी. मी तिला ओरडले. फोन ठेवल्यावर रडले पण.

तर समाराधना. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्याकडे वाडीतल्या वडीलधाऱ्या तात्यांचा. ते देवापुढे उभे राहून एकेका घराचं मागणं मांडतात आणि दर वाक्याला सगळी वाडी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाची गाभण म्हैस... सगळं चारचौघांत. आमच्याकडे देवापासून आणि शेजाऱ्यांपासून काही लपत नाही.

आईची पाळी आली. ती पदर सावरून पुढे गेली आणि म्हणाली, सिरीयलीतल्या सर्जा-मल्हारीचा अबोला सुटू दे म्हणून गाऱ्हाणं घाला.

देवळात हशा पिकला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तात्यांनी मात्र गंभीरपणे अडचण सांगितली, “वयनी, ते घाटार रवतत. आपल्या देवाच्या हद्दीत येणत नाय.”

आई शांतपणे म्हणाली, “माका हयसून दिसतत, देवाक दिसाचे नाय?”

 तात्यांनी आईकडे निरखून बघितलं... मग नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा... सिरीयलीतले जे दोन भाव आसत, एका आवशीच्या पोटचे...”

“व्हय म्हाराजा!” पोरंटोरं हसत हसत ओरडली.

“एका खळ्यात रवणारे...”

“व्हय म्हाराजा.” आता हसू जरा कमी झालं.

“एका झाडापायी तेंचा बोलणा बंद झाला आसा. ज्याचा जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल आणि तेंका बोलते कर रे म्हाराजा...”

सिरीयलमध्ये झाड नव्हतंच हो. विहीर होती. आणि हे अख्ख्या वाडीला माहीत होतं.

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ आलं नाही, पोरंसुद्धा दादाकडे बघायला लागली. दादा खांबाला टेकून खाली बघत होता. संदेश बाहेर चुलाणापाशी, हातात डाव तसाच. गाऱ्हाण्याला उत्तर मिळालं नाही तर ते पुरं होत नाही. तात्या थांबले. आई तर मागे वळूनही बघत नव्हती.

मग खांबाकडून दादाचा आवाज आला, अगदी बारीक... “व्हय म्हाराजा.” आणि पाठोपाठ बाहेरून संदेशचा. त्यानंतर मात्र सगळी वाडी अशी काही ओरडली, की माझ्या अंगावर काटा आला.

मिठ्याबिठ्या काही झाल्या नाहीत, आमच्याकडे ती पद्धत नाही. पंगतीत दादा भात वाढत होता. संदेशच्या पानापुढे आला, घुटमळला आणि म्हणाला, “घालू रे?”

“घाल,” संदेश म्हणाला. मग पान जरा पुढे सरकवून, “थोडो आणखी घाल.”

मी समोरच्या रांगेत होते. उसळ तिखट होती असं सगळ्यांना सांगून डोळे पुसले.

संध्याकाळी दोघे खळ्यात, त्या बुंध्यापाशी उभे होते. तिथे पुन्हा फणस लावायचा की आंबा, यावर वाद घालत होते... चांगले मोठमोठ्याने. आई पायरीवर बसून ऐकत होती. सिरीयलची वेळ कधीच उलटून गेली होती.

मी म्हटलं, आई, सर्जा-मल्हारीचं काय झालं ते बघायचं नाही?

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “तेंचा काय गो... ती सगळी खोटी माणसां.”

देवा म्हाराजा, माझ्या आईच्या ह्या खोट्या माणसांनाही सुखात ठेव रे बाबा. त्यांचे उपकार आहेत आमच्या घरावर.