दुसरा हशा

दिव्यांग आणि कर्णबधिर कलावंतांचा परिसंवाद होता. विषय, 'रंगमंचावर आमची जागा'. सूत्रसंचालक मी. सुरुवातीलाच 'जागा' या शब्दावर अशी झकास कोटी केली की सभागृह खळखळून हसलं. मूकनाट्य करणारी कर्णबधिर शुभदा मात्र खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाषी मुलीचे हात थांबल्यावर हसली. तोवर बाकीचे गप्प झाले होते. तिचं एकटीचं हसू सभागृहात फिरून खाली बसलं. मी खूश! एका कोटीला दोन हशे कुणाला मिळतात?

चहाच्या वेळी शुभदाने मैत्रिणींना हातांनी काहीतरी रंगवून सांगितलं. सगळ्या पोट धरून हसल्या. मी आशेने दुभाषी मुलीकडे पाहिलं.

"सर, चहा तरी पिऊ द्या की," ती म्हणाली. "हात भरून आलेत माझे."

आयुष्यभर मैफली गाजवलेला मी कपबशी धरून उभा. मग मीही हसलो, जरा उशिरा.

शुभदाने मोबाइलवर लिहून विचारलं, "कळलं?"

मी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मग तिने लिहिलं,

"सकाळी तुमच्या कोटीला मीही असंच हसले होते."